तळाच्या गोण्या

६ जुलै

दादा,

तुझ्या दिवाणजीला मी दारातूनच परतवून लावलं. त्याने आणलेल्या मक्याच्या दोन्ही गोण्याही परत दिल्या. निरोप तेवढा ठेवून घेतला. "ताई, मालक म्हणतात एकटीनं राहू नका, आमच्याकडे येऊन राहा, घर तुमचंच आहे. आणि ती डॉक्टरीणबाई हमालगल्लीत घरोघर फिरते आहे, तिच्यापाशी काही बोलू नका." यातलं शेवटचं सांगायलाच तू त्याला पाठवला होतास. आधीचं सगळं वरून पेरलेलं. तुझ्या धंद्यात वर चांगलं ठेवायची सवयच आहे.

मी पत्र लिहिते याचं नवल करू नकोस. फोन तू उचलत नाहीस. घरी आले की वहिनी म्हणतात झोपलेत. भर दुपारी बारा महिने झोपणारा व्यापारी मी दुसरा पाहिला नाही. कागदाला दार लावून घेता येत नाही म्हणून कागद. अक्षर वाईट आहे ते चालवून घे. शाळा सुटली तेव्हा माझी जोडाक्षरं शिकायची राहिली होती, ती पुढं पाकिटांवरचं वाचून शिकले.

मला लांबण लावायला येत नाही. एकच सांगायचं आहे. माझा नवरा दारू पीत नव्हता.

हे तुला माहीत आहे. तुझ्या गोदामात केस पांढरे होईपर्यंत त्यांनी गोण्या वाहिल्या. कामावर कधी तोंडाला वास आला होता का? घरी आले की आंघोळ, मक्याच्या कण्या, झोप. मी त्यांना चेष्टेनं म्हणायची, तुमच्यापेक्षा बैल जास्त मजा करतो.

तरी दवाखान्यात काय झालं? डॉक्टरने त्यांचं फुगलेलं पोट दाबलं, डोळ्याखालची कातडी ओढून पिवळं बघितलं, आणि मला विचारलं, "घेतात का हे?" मी तोंड उघडलं तेवढ्यात मागून तू बोललास. "घ्यायचे थोडी, डॉक्टर. हमालीचं काम, अंग दुखतं माणसाचं." काय मायेनं बोललास. बाजूच्या खाटेवरची म्हातारी सुद्धा मान हलवायला लागली. डॉक्टरने ते लिहून घेतलं आणि पेन खिशाला लावला. त्यानंतर हे काय खातात, कुठलं खातात, कुणी विचारलं नाही. दारू पिणाऱ्याला कोण विचारतो जेवलास काय म्हणून.

तेव्हा ते जागे होते, दादा. त्यांनी ऐकलं. तुझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे तोंड केलं. बोलायची ताकद उरली नव्हती. मी तुझ्याशी भांडायला उठले तर तू मला दंडाला धरून बाहेर नेलंस आणि म्हणालास, "आता वाद नको, आधी माणूस वाचू दे." माणूस वाचला नाही. वाद राहिला आहे.

आता गल्लीभर तेच. पाणी भरायला गेले तर बायका हळू बोलतात. एकीनं मला समजावलं, "जाऊ द्या हो, माझा पण प्यायचा." मी बादली तिच्या पायावर ओतली. मुद्दाम.

आणि तुझ्या त्या गोण्या. तुझ्या गोदामातली रीत मला कुणी शिकवायला नको. थप्पी रचताना खाली लाकडाच्या फळ्या घालाव्या लागतात, त्या तू घातल्या नाहीस. सगळ्यात खालची रांग सरळ फरशीवर. फरशीला घाम सुटतो, तो मका पितो. थप्पी संपली की तळाच्या गोण्यांना वास येतो, दाणा हिरवट होतो, हाताला भुकटी लागते. बाजारात कोण घेणार? म्हणून तू ती रांग हमालांना फुकट वाटतोस. "घेऊन जा रे, तुमचा हक्क आहे." गल्ली तुझ्या नावानं हात जोडते. आमचे हे सुद्धा म्हणायचे, तुझ्या दादाचं मन मोठं. आम्हाला तर इतरांपेक्षा जास्त मिळायच्या. सख्खी बहीण ना मी तुझी.

मी लोकांच्या स्वयंपाकाची कामं करते, दुपारचं-संध्याकाळचं तिथंच खाते. घरच्या कण्या त्यांच्याच पोटात गेल्या. तीनही वेळा.

संध्याकाळी हमाल गल्लीच्या तोंडाशी बसतात. तिथं ये आणि मोठ्यानं सांग की माझा मेहुणा दारू पीत नव्हता. दुसरं काही मागत नाही. अजून तरी.

तुझी बहीण


२१ जुलै

दादा,

डॉक्टरीणबाईंशी बोलले. तू नको म्हणालास म्हणून आधी मीच त्यांना शोधत गेले.

पोरसवदा आहे, पण बाई चिकट. माझ्या डब्यातला मूठभर मका मागच्या खेपेला घेऊन गेली होती, तुझ्या हमालांच्या मुकादमाच्या घरचा घेतला, आणखी चार ठिकाणचा घेतला, तपासायला शहरात पाठवला. काल येऊन माझ्या उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "मावशी, मक्याला जी बुरशी लागते ना, ती दाण्यात विष सोडते. ते यकृतावर बसतं. तुमच्या डब्यात ते भरपूर सापडलं."

मी म्हटलं, "मी तर मका चोळून धुवायची. वास जावा म्हणून कढईत खमंग भाजायची."

ती म्हणाली, "धुतल्यानं बुरशी जाते, भाजल्यानं वास जातो. विष तिथंच राहतं. शिजवलं तरी राहतं."

म्हणजे मी इतकी वर्षं काय केलं ते बघ. तुझ्या मक्यातली खूण तेवढी काढून टाकली. तो चवीला चांगला केला. त्यांनी एकदा ताट बाजूला सारलं असतं, "कडू लागतंय गं" म्हणाले असते, तर मी गोणी फेकली असती. पण माझ्या हाताला चव आहे. विष तुझं आणि हात माझे. हे मी तुला सोडणार नाही, दादा. मरेपर्यंत नाही.

मुकादमाला तू ओळखतोसच, मानेवर टेंगूळ आलेला. त्याच्या बायकोनं बदकाची पिल्लं पाळली होती, त्यांना हाच मका भरडून घालायची. पिल्लं पटापटा मेली. तेव्हा सगळे म्हणाले मुंगूस असेल. काल डॉक्टरीणबाई बोलून गेल्यावर मुकादम म्हणाला, "का हो ताई, बदकं पण घेत होती का थोडी?" गल्ली हसली. मीही हसले. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा हसले आणि हसता हसता मला इतका राग आला की हातातली वाटी भिंतीवर मारली.

मुकादमाच्या बायकोचे डोळे पिवळे झाले आहेत. तिला वेळेत नेलं आहे, उतरेल म्हणतात. डॉक्टरीणबाईंनी या वेळी आधी खाण्याचं विचारलं.

आज सकाळी वहिनी आल्या होत्या. तूच पाठवल्यास, नाही म्हणू नकोस. पदराखाली फळं घेऊन. म्हणाल्या, "वन्सं, तुमचे दादा रात्रंदिवस तुमचीच काळजी करतात. दुःखानं डोकं फिरलंय म्हणतात तुमचं."

"डोकं जागेवर आहे. त्यांना म्हणावं तेवढीच काळजी करा."

"अहो, त्यांनी मका फुकट दिला. फुकट देणाऱ्यावर कुणी उठतं का?"

"फुकट दिला म्हणूनच वहिनी. विकत घेतला असता तर पहिल्याच दिवशी त्यांच्या तोंडावर नेऊन फेकला असता. फुकटचं नावं ठेवून खायचं नसतं, हे आम्हाला आईनं शिकवलं होतं. त्यांनाही शिकवलं होतं, म्हणून त्यांना ते नेमकं ठाऊक."

मग त्या रडायला लागल्या. मला रडणाऱ्या बाईसमोर बसवत नाही, मी भांडी घासायला घेतली. त्या मागे येऊन म्हणाल्या, "तुम्हाला हवंय तरी काय?" मी म्हटलं, "दोन शब्द." त्यावर वहिनी जे बोलल्या ते तुला सांगितलं नसेल म्हणून लिहिते. म्हणाल्या, "ते नाही बोलायचे हो. ते म्हणतात, आज पीत नव्हता म्हटलं तर उद्या लोक विचारतील, मग मेला कशानं?"

भोळी बाई आहे. तू तिला पाठवायला नको होतंस.

म्हणजे दवाखान्यात तू जे बोललास ते तोंडातून सुटलं नव्हतं. माझा माणूस खाटेवर जिवंत होता तेव्हाच तू हिशेब मांडला होतास की हा मेल्यावर कारण काय सांगायचं. आता मला फक्त दोन शब्द नकोत. पण तेही हवेतच.

तुझी बहीण


२ ऑगस्ट

दादा,

तुला खबर लागलीच असेल. मी कापड कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये लागले, मुख्य स्वयंपाकीण म्हणून. आधीची बाई मुलाकडे राहायला गेली. खूश होऊ नकोस की बहीण मार्गी लागली. तुझा मका तिथं जातो म्हणून मी तिथं गेले.

गल्लीनं तुझ्या तळाच्या गोण्या घेणं बंद केलं. मला वाटलं आता तरी तू त्या फेकशील. मुकादम सांगतो, तू त्या ट्रकच्या तळाशी घालायला लागलास. कॅन्टीनच्या ट्रकमध्ये. ज्याला फुकट द्यायचं होतं त्यानं नको म्हटलं, तर आता विकत देतोस. शाबास.

या कॅन्टीनची रीत तुला मी काय सांगणार, तूच ती गाजवलीस. नवा ट्रक आला की व्यापाऱ्यानं पहिल्या बाकावर बसायचं आणि त्या धान्याचं पहिलं ताट सगळ्या कामगारांसमोर खायचं. त्यानं खाल्लं की कॅन्टीनचे साहेब माल घेतात. बाकीचे व्यापारी दोन घास खाऊन उठतात. तू म्हणे ताट चाटूनपुसून खातोस, बोटं चोखतोस, वर ढेकर देतोस. पोरं टाळ्या वाजवतात. इथल्या वाढपी बायका मला कौतुकानं सांगत होत्या. मी नुसतं हूं केलं.

कारण ट्रकमधली वरची गोणी आधी उतरते, तीच आधी चक्कीवर जाते, तिचंच पहिलं ताट होतं. वरच्या गोण्या तू निवडक भरतोस. हमालांत एक म्हण आहे, आमचे हे घरी म्हणायचे: वरची गोणी तोंडासाठी, खालची पोटासाठी. तोंड मालकाचं, पोट दुसऱ्याचं.

मी साहेबांना सांगितलं, यापुढे पहिलं ताट शेवटी उतरलेल्या गोणीचं. ते म्हणाले, "बाई, फरक काय पडतो?"

मी म्हटलं, "नाही पडत ना? मग करू द्या."

त्यांनी करू दिलं. माणूस बरा आहे, त्याला फक्त वेळेवर चहा लागतो.

तुला आधी कळवते आहे, मागाहून फसवलं म्हणू नकोस. तुझा पुढचा ट्रक अकरा तारखेला आहे. आला नाहीस तर लोक विचारतील का आला नाही. आलास आणि तळाला तसलाच माल असला तर तो तुझ्या पोटात जाईल. आणि घाबरून सगळा ट्रक चांगला भरलास, तर तेवढे दिवस तरी ही माणसं नीट खातील. कसंही केलंस तरी माझं चांगलंच आहे.

आणखी एक वाट आहे, ती तुला माहीत आहे. संध्याकाळी गल्लीत ये.

तुझी बहीण


१० ऑगस्ट

दादा,

दिवाणजी आला होता. "मालक म्हणाले, ताईंना सांगा, कुठलीही गोणी काढा, वरची काढा, खालची काढा, मधली काढा, आम्ही पोटभर जेवू." छाती पुढं काढून सांगत होता. त्याला मी चहा दिला.

ठीक आहे. शेवटची गोणी सगळ्यांसमोर फोडू. उपाशी ये. मी बरी शिजवते हे तुला माहीत आहे.

तुझी बहीण


१३ ऑगस्ट

दादा,

हे पत्र तुझ्यासाठी आहे तसं वहिनींसाठीही आहे. त्या काल भेटल्या. तू घरी सांगितलंस की बहिणीनं ताटात काहीतरी कालवलं होतं म्हणून मी जेवलो नाही. तेव्हा काय झालं ते लिहूनच ठेवलेलं बरं. वहिनी, तुम्ही मोठ्यानं वाचा.

ट्रक आला. गोण्या उतरल्या. शेवटची गोणी मी साहेबांसमोर फोडली. काय मका होता. पिवळाधमक, कोरडा, दातानं फोडला तर टणकन वाजला. साहेब म्हणाले, "बघा बाई, उगाच शंका घेत होता." तू बाकावर बसून हसलास आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, "घरचीच माणसं आहेत, संशय घरचाच जास्त." लोक हसले. मीही मान खाली घालून चक्कीवर गेले.

कामगारांसाठी मोठा टोप त्याच गोणीचा लावला. शिफ्ट सुटली, माग थांबले, हॉल भरला. मी तुझं ताट आणलं. तू बाह्या सरसावल्यास. घास उचललास.

तेवढ्यात मी तुझ्या ताटाशेजारी बाकावर एक रिकामी गोणी अंथरली. निळ्या खडूची मोठी फुली असलेली.

दादा, तुझी अक्कल तिथं पेंड खायला गेली. सगळा ट्रक चांगला भरायचा म्हणून आदल्या दिवशी तू स्वतः गोदामात उभा राहिलास. चुकून एकही खराब गोणी ट्रकवर चढू नये म्हणून तळाच्या रांगेतली एक एक गोणी हुंगलीस, तिच्यावर आपल्या हातानं फुली मारलीस, आणि हमालांना म्हणालास, "फुलीच्या गोण्या मागच्या खोलीत टाका. पुढच्या खेपेला बघू." खडूचा डबा धरून उभा होता मुकादम. त्याची बायको अजून खाटेवर आहे. तुझ्या फुलीची एक गोणी त्यानं खांद्यावर घालून माझ्या दारात आणून टाकली, ती हाती आल्यावरच तुला दहा तारखेचं गोड पत्र गेलं.

गोणी बघितलीस आणि तुझा हात ताटावर थांबला. मी एक शब्द बोलले नव्हते.

साहेब म्हणाले, "काय झालं हो?"

तू म्हणालास, "पोट जरा बरं नाही."

दारातून मुकादम म्हणाला, "आत्ता तर म्हणत होता सकाळपासून काही खाल्लं नाही."

साहेबांनी गोणी उचलून बघितली. "ही फुली कसली?"

मग मुकादमच म्हणाला, "मालकांनीच मारली साहेब. कशासाठी ते मालकच सांगतील. आम्हाला काय, आम्ही ओझ्याची माणसं."

मागच्या बाकावरनं कुणीतरी ओरडलं, "खा की शेठ, एरवी तर बोटं चाटता." मग सगळेच. हसत हसत सुरू झालं, पण हळूहळू हसणं निघून गेलं आणि नुसतं "खा, खा" राहिलं. तुझ्या कपाळावरून घाम गळून कण्यांत पडला. घास तुझ्या मुठीत तसाच होता, तो तू खालीही ठेवेनास.

तेव्हा मी वाकून म्हणाले, "दोन शब्द बोल, ताट उचलते."

तू पुटपुटलास. मी म्हटलं, "मला ऐकू आलं. मागं गेलं नाही."

मग तू बोललास. "माझा मेहुणा दारू पीत नव्हता." माग बंद असल्यानं हॉलमध्ये ते पार भिंतीपर्यंत गेलं. हमाल दारात उभे होते, त्यांनी ऐकलं. ते गल्लीत घेऊन गेले. त्या दिवसापासून पाण्यावर बायका माझ्याशी मोठ्यानं बोलतात. दवाखान्याच्या कागदावर अजून दारूच लिहिलेली असेल, राहू दे. तो कागद गल्लीत कोण वाचतं.

आणि शब्दाप्रमाणे मी ताट उचललं. तुझ्या समोरून घेतलं, हातानं तोंडात घास घातला, आणि उभ्यानं सगळं संपवलं. तू माझ्याकडे भूत बघितल्यासारखा बघत होतास. आता सांगते. त्या कण्या तुझ्याच चांगल्या गोणीच्या होत्या. मोठ्या टोपातूनच वाढल्या होत्या. फुलीच्या गोणीतला दाणा मी त्या स्वयंपाकघरात शिरूच दिला नव्हता. ती गोणी नुसती तुला दाखवायला आणली होती. जेवला असतास तर जिंकला असतास, आणि मी आयुष्यभर वेडी ठरले असते.

वहिनी, काय कालवलं होतं ते कळलं का आता?

गोणीतला मका मी आधीच डॉक्टरीणबाईंच्या हवाली केला होता. त्या शेवटच्या बाकावर बसल्या होत्या, तू त्यांना ओळखत नाहीस. धान्य तपासणारे अधिकारी त्यांच्या शेजारी बसले होते, त्यांनाही ओळखत नाहीस. ताट उचलीन एवढंच मी म्हटलं होतं. मागची खोली उघडायची नाही असं काही आपलं ठरलं नव्हतं.

तुझी बहीण


३० ऑगस्ट

दादा,

तुझं पत्र मिळालं. पहिल्यांदा लिहिलंस. अक्षर अजून छान आहे तुझं. एका पानात तीनदा "रक्ताचं नातं" लिहिलं आहेस. आणि शेवटी काम सांगितलं आहेस: गोदामातला सगळा खराब माल खड्ड्यात पुरायचा हुकूम आहे, मुदत जवळ आली, बाजारातला एकही हमाल गोणीला हात लावत नाही, तेव्हा बहिणीनं मुकादमाला सांगावं.

सांगितलं. त्यांनी हात लावायचा नाही असं मीच त्यांना सांगितलं होतं, आता पुन्हा सांगितलं. तू बाहेरगावची माणसं आणलीस तीही परत गेली म्हणे. त्यांना गाठून गप्पा मारायला मला फार वेळ लागला नाही.

बाजारात कुणी विचारलं की काय झालं होतं तुझ्या भावाला त्या दिवशी, एवढा घाम का फुटला होता? माझ्या जिभेवर उत्तर तयार असतं. तुझ्याच तोंडून शिकलेलं. अजून दिलं नाही. मला मोह होतो एवढं खरं.

परवापासून तू स्वतःच गोण्या वाहतो आहेस. मी बघितलं. गोदामासमोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसले होते, तुला दिसले असेनच. तुझे दोन्ही मुलगे कुठं दिसले नाहीत. कारखान्याला सुट्टी होती, मी डबा घेऊनच आले होते. जेवले. बाजारातली माणसं येऊन जाऊन उभी राहत होती. कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. मालकाच्या पाठीवर गोणी बघायची कुणाला सवय नाही, बावरतात लोक.

तुला उचलता येत नाही, दादा. कमरेतून वाकतोस. गोणी आधी मांडीवर घ्यायची, गुडघ्यानं वर ढकलायची, मग मान तिच्याखाली सरकवायची. आमचे हे घरी उशी घेऊन मला करून दाखवायचे, मी हसायची. तू तिसऱ्याच गोणीला खाली बसलास. ओला मका कोरड्यापेक्षा जड असतो, हे त्यांच्या खांद्याला रोज कळत होतं. तळाची गोणी उचलताच त्यांना समजायचं की हिच्यात पाणी आहे. मग तीच घरी आणायचे. तुझ्यावर भरवसा होता.

एक गोणी तुझ्या अंगावर फाटली तेव्हा मी उठून उभी राहिले. धावले नाही, नीट दिसावं म्हणून उठले. सगळी हिरवी भुकटी तुझ्या केसांत, नाकात, तोंडात गेली. तू खोकत खोकत माझ्याकडे बघितलंस. हाक मारलीस का? ओठ हलल्यासारखे वाटले. मी डबा बांधायला घेतला.

वहिनींना म्हणावं रडू नका. मी कुणालाही शाप दिलेला नाही, मला त्यातलं काही येत नाही. मी फक्त बसते.

अजून अर्धी खोली शिल्लक आहे म्हणतात. उद्या सकाळी लवकर सुरू कर, उन्हात फार दम लागतो. मी येईन.

आणि हो, ही भुकटी छातीत जाऊ देऊ नये, तोंडाला-नाकाला ओलं फडकं बांधूनच काम करायचं, असं डॉक्टरीणबाईंनी तुला आठवणीनं सांगायला सांगितलं होतं. काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी. मी विसरले होते असं समजू नकोस.

तुझी बहीण